घाटातलं कासव

फार फार वर्षांपूर्वी, समुद्राकाठचं मीठ जेव्हा माणसांच्या डोक्यावरून घाटमाथ्याला जात असे, तेव्हाची ही गोष्ट.

घाटाच्या पायथ्याशी एक मुलगी आपल्या मावशीकडे राहायला आली होती. मावशीची चुन्याची भट्टी होती. मुलगी लिहिण्यात हुशार, पण भारी घाबरट. पान पडलं तरी दचकायची आणि आपल्याला दचकताना कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून पुन्हा दचकायची.

त्या घाटाला सात वळणं होती. प्रत्येक वळणावर एक काळा दगड. बाजाराच्या आदल्या दिवशी मुलगी भल्या सकाळी चुन्याचं मडकं घेऊन घाट चढे आणि एकेका दगडावर टपोऱ्या अक्षरांत एकेक ओळ लिही. तळं आटलं म्हणून एक कासव पाणी शोधायला निघालं होतं, त्याची ती गोष्ट. दर आठवड्याला कासव सात ओळी पुढे सरके.

लिहून झालं की ती वरच्या करवंदीच्या जाळीत लपून बसे. मग मीठवाले येत. डोक्यावर गोण्या, माना ताठ. कुणी हसत नसे, कुणी हळहळत नसे. "हे कोण लिहितं रे?" एवढंही कुणी विचारत नसे.

असे चार महिने गेले.

'कासवच कंटाळवाणं असेल,' मुलीला वाटे. 'ससा घ्यायला हवा होता.'

एके दिवशी मावशी म्हणाली, "अगं खुळे, दगडांना गोष्टी सांगून काय मिळतं तुला? पाटलांच्या घराला सफेदी करायची आहे. चार भिंती पांढऱ्या कर, सगळा गाव छान म्हणेल. उद्या दुपारपर्यंत काय ते सांग, नाहीतर ते दुसरं माणूस बघतील."

मुलगी खूप विचारात पडली. शेवटी सकाळी उठली ती मडकं न घेताच, ओलं फडकं घेऊन निघाली. एकेक करत तिने दगड पुसले. सातवा पुसते न पुसते तोच खालून पावलं वाजली. ती झटकन जाळीत शिरली.

पावलं पहिल्या वळणाशी आली आणि अडखळली. दुसऱ्या वळणाशी थांबली. असं कधीच झालं नव्हतं.

सातव्या दगडाशी पांढऱ्या मिशांचा म्होरक्या उभा राहिला आणि त्याने चक्क गोणी खाली ठेवली. चढणीवर उतरवलेली गोणी पुन्हा डोक्यावर घ्यायची तर दोन माणसं लागतात. तरी मागच्या अकरा जणांनीही आपली ओझी उतरवली.

"मेलं की काय रे कासव?" म्होरक्या म्हणाला.

"मेलं तर आमच्या म्हातारीला मी काय सांगू? दारातच बसलेली असते ती," दुसरा म्हणाला.

"मी म्हटलंच होतं," तिसरा तडकला. "त्या बगळ्याचं ऐकायला नको होतं त्याने!"

मुलगी अशी दचकली, की काट्याकुट्यांसकट जाळीबाहेर पडली.

"मेलं नाही हो," ती कशीबशी म्हणाली. "पण तुम्ही... तुम्ही कधी काही बोललाच नाहीत!"

म्होरक्या हसला. "पोरी, मीठवाला चढणीला बोलत नाही. तोंड उघडलं की दम तुटतो. आज्यापणज्यांपासूनची रीत आहे ती. परतताना आम्ही पलीकडच्या वाटेने मोकळे उतरतो. तेव्हा ऐक आमची बडबड! तुझ्या कासवाशिवाय दुसरा विषय नसतो. आणि सहावं वळण म्हणजे छाती फोडणारं. तिथं आम्ही दोनदा टेकायचो. आता पुढच्या दगडावर काय असेल, या ओढीनेच पाय उचलतात."

मुलगी धावत खाली गेली आणि मडकं घेऊन वर आली. तोवर बारा माणसं उन्हात थांबली होती. तिने सातही ओळी त्या एकाच दगडावर लिहिल्या. शेवटची होती, 'कासवाला लांबून ओल्या मातीचा वास आला.'

सगळ्यांनी वाचलं. एकमेकांना हात देत गोण्या डोक्यावर चढवल्या आणि पुन्हा एक शब्दही न बोलता ते चालू लागले. मुलगी या वेळी लपली नाही. ती त्यांची पावलं बघत राहिली. पावलं झपझप पडत होती.

पाटलांच्या भिंती दुसऱ्याने पांढऱ्या केल्या. गाव त्याला छान म्हणाला. मुलीचं दचकणं काही गेलं नाही, पण घाटातला दगड पुन्हा कधी कोरा राहिला नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्या डोक्यावर ओझं आहे, त्याच्या तोंडची वाहवा मागू नये, त्याची पावलं पाहावीत.