पेचात पडलेला पेचकस

फार जुनी नाही, अलीकडचीच गोष्ट. एका घरातला स्कॅनर अडून बसला. आतला दिवा पेटे, पण जागचा हलेना.

"आज चालला नाही, तर भंगारात देते," सुनेत्राताई म्हणाल्या, आणि पेचकस स्कॅनरच्या पोटात उतरला.

"मी ओढतेय," मोटर म्हणाली.

"मीही ताठ आहे," पट्टा म्हणाला.

सगळेच धडधाकट, मग बिघडलंय कोण? पेचकसाने स्क्रू काढले, पुन्हा आवळले; तो पार चक्रावून गेला. शेवटी त्याने तळाशी गप्प बसलेल्या खटक्याला विचारलं, "तू काय करतोयस रे?"

"दिवा धरून ठेवलाय. घर बदलताना तो आपटू नये म्हणून मला घट्ट धरायला सांगितलं होतं. पोहोचलो का आपण?"

"कधीच पोहोचलो, बाबा!"

"मग सोडू?"

"सोड!" पेचकस म्हणाला, आणि दिवा सरसर पुढे सरकला.