कोंबडीचा खडक

खाडीच्या तोंडाशी तो काळा, पाठ वाकलेला दगड दिसतो ना, तो कोंबडीचा खडक. नाव ऐकून हसू आले असेल तर आत्ताच हसून घ्या. सगळेच हसतात. मागच्या खेपेला कॉलेजची मुले आली होती, त्यांनी तर खडकावर चढून आरवून दाखवले. गोष्ट संपल्यावर तीच मुले माझ्याकडे बघायला तयार नव्हती.

आता ओहोटी आहे, म्हणून वाळूवरून चालत तिथवर जाता येते. भरती लागली की आधी मधला चर भरतो. त्याची ओढ अशी की पट्टीच्या पोहणाऱ्याचेही पाय उपटतात. मग खडक बुडतो आणि त्याच्यावर पुरुषभर पाणी चढते. तुमच्या पाठीमागे जी कौलारू इमारत आहे, ती आंजखोलची शाळा. मी हुसेन, त्या शाळेत तीस वर्षे घंटा वाजवली. तिथे पहिलीच्या मुलांना इंग्रजी शिकवतात ते एका अरबी बडबडगीतातून. बाहेरून बदलून आलेले मास्तर कपाळाला हात लावतात: मराठी मुलुख, इंग्रजी विषय आणि गाणे अरबी! पण महिनाभरात तेही टाळ्या वाजवून गायला लागतात.

हे गाणे आणले जोखाने. दीडशे वर्षे झाली, असे सांगतात. जोखा मस्कतची. आमच्या बंदराचा आदम तांडेल गलबत घेऊन खजूर भरायला तिकडे जात असे, त्याने तिच्याशी निकाह लावून तिला इथे आणले. लग्नाआधी ती मस्कतला एका इंग्रज व्यापाऱ्याच्या घरी मुले सांभाळायची, त्यामुळे तिला साहेबाची भाषा येत होती. पुढे आदम इंग्रजाच्या जहाजावर नोकरीला लागला आणि दुसऱ्याच वर्षी गेला. डोलकाठीवरचा वासा सुटला होता. वरून कप्तान ओरडला, "बाजूला हो," पण ओरडला इंग्रजीत. आदम वर बघत उभा राहिला आणि वासा त्याच्यावर पडला.

जोखाने नवस केला म्हणे, की या बंदराचे एकही पोर एका शब्दावाचून मरणार नाही. नवस करताना माणसाने फार बोलू नये, असे माझी आजी म्हणायची. नशीब कान देऊन ऐकत असते.

पोटासाठी जोखा गावातल्या बाळंतिणींची मुले सांभाळायची, त्यांना आंघोळ घालायची, पाळणा हलवायची. पाळण्याशी ती तेच गाणे गायची. गाणे साधे आहे. कोंबडीची पिल्ले हरवली आहेत आणि ती एकेकाला शोधते. एक पिल्लू कुठे? छपरावर. दुसरे कुठे? झाडाखाली. तिसरे दाराआड, चौथे टोपलीत. शेवटी पिल्लेच विचारतात, "वेन उम्मी?" म्हणजे आई कुठे? आणि कोंबडी म्हणते, "ही इथे." गाण्याला एकच नियम: उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारायचा नाही.

मुले तीन-चार वर्षांची झाली की जोखा त्यांना किनाऱ्यावर बसवायची. प्रश्न ती अरबीतच ठेवायची, उत्तर मात्र इंग्रजीत घ्यायची. ऑन द रूफ. अंडर द ट्री. बिहाइंड द डोअर. इन द बास्केट. शेवटी सगळ्यांनी छातीवर हात मारून ओरडायचे, हिअर! प्रश्न पाळण्यातल्या ओळखीचा, म्हणून मूल दचकत नसे. उत्तर तेवढे नवे. छपराच्या जागी जहाज आले, टोपलीच्या जागी होडी आली, आणि दोन पावसाळ्यांत खालच्या वाडीतली शेंबडी पोरे साहेबासारखी बोलायला लागली.

आता गावाची गंमत ऐका. आमच्याकडे तेव्हा अरबी म्हणजे फक्त नमाजाची भाषा. दुसरे काही अरबीत असू शकते, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. जोखा गायला लागली की म्हाताऱ्या पदर डोक्यावर घ्यायच्या. पुरुष चपला काढायचे. गाणे संपले की सगळे हात तोंडावरून फिरवून "आमीन" म्हणायचे. कुणाचे पोट दुखले तर जोखाला बोलवायचे, "तेवढी ती दुवा म्हण गो." जोखा सांगायची, हे पोरांचे गाणे आहे. पण तिचे मराठी तुटके, आणि लोकांना वाटायचे, बाई नम्र आहे.

गावाचा धनी बावामियाँ खोत. जमिनी त्याच्या, होड्या त्याच्या. साहेब आला की खोताचा कारकून मधे उभा राहून एकाचे दुसऱ्याला सांगायचा. त्या वर्षी साहेब विहीर कुठे खणायची ते बघायला आला. खालच्या वाडीच्या बायका कोसभरावरून पाणी आणत होत्या. त्यांनी हात जोडून वाडीत विहीर मागितली. कारकुनाने साहेबाला इंग्रजीत सांगितले की यांना विहीर खोतांच्या बागेत हवी आहे. तेव्हा गर्दीतून सहा वर्षांची रुकय्या मोठ्याने म्हणाली, "आय, ह्यान बाग सांगितलान. वाडी नाय सांगितलान." आणि तेच तिने साहेबाकडे वळून इंग्रजीत सांगितले.

विहीर वाडीत झाली. आजही तिचे पाणी गोड आहे, जाताना प्या. पण भर लोकांत पोरीने खोताचे नाक कापले, आणि खोत काही पोरीवर रागावणाऱ्यातला नव्हता. त्याने मूळ शोधले. कारकून एडनला राहून आलेला, त्याला अरबी कळत होते. खोताने त्याला विचारले, "ती बाई गाते ते आहे तरी काय?" कारकुनाने सांगितले. पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर खोताने त्याला मशिदीच्या पायरीवर उभे केले आणि गाण्याची एकेक ओळ मराठीत सांगायला लावली.

कोंबडी. पिल्लू. टोपली.

कुणी हसले नाही. हसले असते तर जोखा वाचली असती, असे मला नेहमी वाटते. माणसाला स्वतःवर हसता आले नाही की तो दुसऱ्याच्या जिवावर उठतो. म्हाताऱ्यांना आठवले की आपण कोंबडीला आमीन म्हटले, मरणाऱ्या माणसाच्या उशाशी कोंबडी गाऊन घेतली. ज्या घरांत तिने मुले वाढवली, त्या घरांनी दारे लावली. या बाईने आपल्याला बनवले, असे एक म्हणाला. पोरांवर करणी केली, असे दुसरा म्हणाला. एवढीशी पोरे साहेबाची भाषा बोलतात, ती काय उगीच?

खोताने मग तोडगा काढला. तो गोड बोलणारा माणूस होता. म्हणाला, खरे-खोटे होऊन जाऊ दे. ओहोटीला जोखाने खडकावर जाऊन उभे राहावे. किनाऱ्यावर माझा लतीफ उभा राहील. चर भरला की तिने पाच प्रश्न विचारावेत, त्याने पाच उत्तरे द्यावीत. दिली, की तिला आणायला होडी पाठवतो, आणि शाळाही बांधून देतो. नाही दिली, तर ही शिकवणी नव्हे, करणी आहे. मग जे होईल ते होईल.

लतीफ खोताचा एकुलता मुलगा, पाच वर्षांचा. त्याची आई बाळंतपणात गेलेली. त्याला जोखानेच वाढवले. पाचही उत्तरे त्याला झोपेतसुद्धा आली असती. म्हणून जोखा हसली म्हणे. "लतीफ? इतकंच?" असे म्हणत चपला हातात घेऊन वाळूवरून चालत गेली. तिला पोहता येत नव्हते.

तिला ठाऊक नव्हते ते तुम्हाला सांगतो. त्या सकाळी खोताने लतीफला मांडीवर घेतले होते. त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि सांगितले, "बेटा, आज तू तोंड उघडलंस, तर जोखा बुडेल. गप्प राहिलास, तर तिला आपण घरी आणू. कायमची." पोराने बापाला आपल्या गळ्याची शपथ घातली. बापाने ती घेतली.

अमावास्येचे उधाण होते. चर भरला तेव्हा जोखाने पहिला प्रश्न विचारला. पहिले पिल्लू कुठे? लतीफने ओठ मिटले. तिने पुन्हा विचारले. तिला वाटले, एवढी माणसे बघून पोर बुजले. मग तिने स्वतःच उत्तर सांगितले, अगदी सावकाश, पहिल्या दिवशी सांगावे तसे, आणि परत विचारले. पाणी गुडघ्यांवर आले. तिने हात डोक्यावर धरून छपराची खूण केली. पाणी कमरेला लागले तरी ती शिकवत होती. होडी पाठवा, असे ती एकदाही म्हणाली नाही. तिचा सगळा जीव त्या पोराला घाबरू न देण्यात होता.

किनाऱ्यावर खालच्या वाडीची पंधरा-वीस मुले होती. त्यांना उत्तर येत होते आणि मुलांना आलेले उत्तर पोटात राहत नाही. पहिले पोर ओरडायला गेले तसा त्याच्या बापाने त्याच्या तोंडावर हात दाबला. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. क्षणात सगळ्या किनाऱ्यावर हेच. प्रत्येक आईबापाचा हात आपापल्या लेकराच्या तोंडावर. खोताने तसा हुकूम दिला होता, असे काही लोक सांगतात. मी ते मानत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर नको, हे तर होतेच. पण त्याहून जास्त त्यांना ती कोंबडी सलत होती. रुकय्या माझी पणजी. ती आईच्या तळहाताला कडकडून चावली. रक्त आले. आईने हात काढला नाही.

पाणी हनुवटीला लागले तेव्हा जोखाने गाण्याचा नियम मोडला. मधली पिल्ले सोडून दिली आणि एकदम शेवटचा प्रश्न विचारला. हा तरी येईल, असे तिला वाटले असणार. "वेन उम्मी?" दोनदा ऐकू आले. तिसऱ्यांदा अर्धेच.

लतीफच्या ओठांतून रक्त येत होते, इतके त्याने ते दातांखाली धरले होते. त्याने बापाचे बोट ओढले आणि मोठ्या खुशीने म्हणाला, "मी नाय बोललो, बाबा. एकदापण नाय. आता आणा ना तिला."

त्यानंतर लतीफ बापाशी कधी बोलला नाही. एक शब्द नाही, कुठल्याच भाषेत नाही. बावामियाँ एकवीस वर्षे जगला आणि मरताना अकरा दिवस मुलाला हाका मारत होता. लतीफ शेजारच्या खोलीत बसून होता, असे सांगतात.

बाप मेल्यावर चाळिसाव्या दिवशी लतीफने ही शाळा उघडली. त्या दुपारी किनाऱ्यावर असलेल्यांपैकी जे जिवंत होते त्या सगळ्यांना बोलावले आणि जाळ्याच्या सुतळीने त्यांचे हात स्वतः पाठीमागे बांधले. कुणी नाही म्हटले नाही. मग लहान मुलांना त्याने ते गाणे गायला लावले. मुलांनी चार उत्तरे दिली. पाचवे उत्तर त्याने मोठ्यांकडे सोडले. रुकय्याची आई तेव्हा म्हातारी झाली होती. बाकीच्यांनी उत्तर दिले, तिच्या तोंडून शब्द फुटेना. लतीफ म्हणाला, "उत्तर आल्याशिवाय पुढं जायचं नाय." उन्हात सगळे ताटकळत उभे राहिले. भरती येऊन गेली. संध्याकाळच्या अजानच्या आधी म्हातारी कशीबशी "हिअर" म्हणाली, तेव्हा त्याने गाठी सोडल्या.

आजही जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिला इंग्रजीचा तास या किनाऱ्यावर होतो. आता सुतळी नाही, पण आईबाप आपणहून हात पाठीमागे धरून उभे राहतात. तुम्ही त्या दिवशी आलात तर तुम्हीही तसेच उभे राहायचे, फोटो काढायचा नाही. मुलांनी शेवटचा प्रश्न विचारला की मोठ्यांनी एका आवाजात उत्तर द्यायचे. माझ्या आईला सही येत नव्हती, पण तो एक इंग्रजी शब्द तिला येत होता.

फक्त खोतांच्या घरातल्या माणसाने उत्तर द्यायचे नाही. हे बंधन लतीफने स्वतःला घालून घेतले आणि घराण्यालाही लावून गेला. गेल्या वर्षी त्या घरची सून पहिल्या रांगेत होती. तिची मुलगी सहा वर्षांची, वर्गात नवीन. "वेन उम्मी?" म्हणून मुलांनी विचारले आणि सगळा किनारा ओरडला. पोरगी आईकडे बघत राहिली. मग रांग सोडून धावत आली, आईचा पदर ओढला आणि तिने एकटीने पुन्हा विचारले, आई कुठे? सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पोरगी विचारत राहिली, रडेपर्यंत विचारत राहिली. आईने ओठ उघडले नाहीत.