सगळे काढले

"मालूताई म्हणे आठवडाभरात सगळे व्हिडिओ काढणार…" कौसल्या फोनवर बहिणीला सांगत होती. पुढचं कुकरच्या शिट्टीनं खाल्लं. आमची भिंत सामाईक, त्याला मी तरी काय करू.

मालूताई म्हणजे मोबाईलवर पदार्थ करून दाखवतात त्या. कौसल्येच्या नलूचा रविवारी साखरपुडा, आणि विहीणबाईंना मालूताईंच्याच पद्धतीची नारळाची वडी हवी होती.

आता कौसल्येचा नवरा, सदबा. गावात भोळे पुष्कळ, पण सदबा तो सदबाच. त्याला मी सांगितलं, "मालूताई व्हिडिओ काढायला येणार." 'येणार' एवढं माझ्या पदरचं.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून ओट्यावर बसला. दिवस गेला, कोणी आलं नाही.

"अहो, काढणार म्हणजे काढून टाकणार," कौसल्या म्हणाली. "मग परत दिसायचे नाहीत. त्याआधी वडीचा उतरवून घ्या."

"काढणं म्हणजे काढून टाकणं," सदबाने पाठ केलं. मग मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन मोबाईलवरून सात वेळा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. गल्ली खोकली.

"दृष्ट नव्हे हो. वहीत उतरवा. ताई बोलतात तसं, शब्द न् शब्द."

सदबाने उतरवलं. शब्द न् शब्द.

रविवारी पाहिलं तर व्हिडिओ गेलेला. कौसल्येनं वही उघडली. 'नमस्कार मैत्रिणींनो. एवढं खोबरं घ्या. त्यात एवढी साखर. असं हलवा. असं झालं की उतरवा.'

"एवढी म्हणजे केवढी?"

"ते त्यांनी हातानं दाखवलं. बोलल्या तेवढं मी लिहिलं."

पाहुणे घरून निघालेले.

मग मोबाईल मी हातात घेतला. मालूताईंनी फक्त गोडाचे काढले होते; त्यांना शुगर निघाली म्हणे. तिखटाचे जागेवर होते. म्हटलं, कोथिंबिरीची झाली तरी वडीच. विहीणबाईंनी तीनदा मागून घेतली.

अंगठ्या झाल्या. नलूच्या मोबाईलमध्ये दीडशे फोटो जमले. निघताना विहीणबाईंनी तोच मोबाईल सदबाच्या हातात दिला. "व्याही, आता तुम्ही फोटो काढा. सगळ्यांचे काढा, कुणाला सोडू नका."

सदबा कोपऱ्यात बसून बराच वेळ बोट चालवत होता.

"काढले?"

"काढले. अंगठीचेसुद्धा. एक सोडला नाही."

मालूताईंनी निम्मेच काढले होते. आमच्या सदबाने सगळे.