वाघांच्या बहिणी

आमच्या गावच्या कॉलेजात मुलांच्या कबड्डी संघाचं नाव ‘ढाण्या वाघ’. हे वाघ दरवर्षी पहिल्याच फेरीत शेपूट घालून घरी येतात. मुलींचा संघ जिल्हा जिंकून येतो, तर त्याचं नाव ‘वाघांच्या बहिणी’. काय ती अक्कल!

मुलींनी ‘वाघिणी’ नाव मागितलं. झालं, संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब ढमढेरे यांनी सगळ्यांना मैदानावर जमवलं आणि परंपरा पाजली.

“नाव माझ्या वडिलांनी ठेवलंय. बहीण म्हणजे केवढा मान! बहिणीच राहायचं.”

कर्णधार हर्षला खिलारे उठली. तिचे गुडघे सोललेले होते, कारण मुलांना मॅट आणि मुलींना मुरूम, हीसुद्धा वडिलांचीच परंपरा असणार.

“बरं रावसाहेब, बहिणी तर बहिणी. मग निम्मी मॅट आमची. बहिणीचा वाटा असतोच की. आम्ही अजून हक्कसोडीवर सही केलेली नाही.”

सगळं मैदान खदाखदा हसलं. रावसाहेबांनी गेल्याच साली सख्ख्या बहिणीची सही घेऊन तिची जमीन गिळली होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

रावसाहेब घाईघाईने म्हणाले, “बहीण-बिहीण काही नाही! वाघिणीच म्हणवून घ्या!”

“म्हणवून घेतो की. आता भाऊ नाही, बहीण नाही. मॅट कुणाची ते वाघांशी सामना खेळून ठरवू.”

ढाण्या वाघांनी सामन्याआधीच मॅट उचलली आणि मुलींच्या मुरुमावर नीट अंथरून दिली.