आधीच खाल्लेला ताजा मासा

राणीसाहेबांना मासे हवे होते आणि महाराज मासे देत नव्हते!

शिंपलगडाच्या मैनावती राणीसाहेबांना दिवस गेले होते आणि डोहाळे लागले ते नेमके मासळीचे. गड समुद्राला लागून. खिडकी उघडली की खाली कोळ्यांच्या होड्या, आणि ताटात मात्र वरण-भात! बासुंदी आली, परत गेली. पुरणपोळी आली, परत गेली. राणीसाहेबांचा चेहरा सुकून एवढासा झाला. पोटातल्या बाळाचं काय होणार, या काळजीनं दासींची झोप उडाली.

पण रणधवल महाराज मोठे हट्टी. तरुणपणी शिकारीच्या मुक्कामात त्यांनी शिळी कोळंबी खाल्ली होती. त्यानंतर आठवडाभर त्यांना घोड्यावर बसता आलं नव्हतं! तेव्हापासून माशाचं नाव काढलं की ते पोट धरत.

"पोटुशीला मासा? मुळीच नाही!"

त्यांच्या आई, म्हणजे आऊसाहेब, मान डोलावत. "बरोबर आहे. आमच्या वेळी माशाचा वाससुद्धा महालात येत नसे." एवढं बोलून त्या घाईघाईनं दुसरीकडे बघत.

गडावरच्या शिपायांना मासळी घालायला चांगुणा कोळीण येई. तिच्या कानावर हे गेलं. ती रिकामी पाटी कमरेवर घेऊन थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, राणीबाय उपाशी का?"

"उपाशी कशाला? पंचपक्वान्नं आहेत! मासा तेवढा नाही. तो बाधला तर?"

"ताजा, बारका, नीट शिजवलेला मासा कशाला बाधेल? आमच्या पोरी खातात पोटुशी असताना. त्यांची लेकरं बघा वाळूत कशी उड्या मारतात!"

"त्यांनी खाल्लेला मासा निराळा, राणीच्या ताटातला निराळा! मला त्याच माशाची खात्री हवी." महाराजांनी मिशीला पीळ दिला. "मग ऐक! पोटुशी बाईनं जो मासा खाल्ला, खाऊन जिला धडधाकट मूल झालं, तोच मासा उद्या आण. आणि ताजा आण! नाही आणलास, तर तुझी पाटी पुन्हा गड चढायची नाही, आणि बाळ होईपर्यंत राणीपुढे मासळीचं नाव निघायचं नाही!"

दरबार खो-खो हसला. खाल्लेला मासा परत येणार कसा? आणि तोही ताजा!

चांगुणा म्हणाली, "आणते की. फक्त उद्या आऊसाहेबांना दरबारात बसवा."

आत महालात हे कळताच आऊसाहेबांना पान खाता खाता ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी आऊसाहेब दरबारात पडद्याआड बसल्या आणि चांगुणा आली. पाटीत सोन्यासारखी पिवळीधमक मांदेली, बोटाएवढी एकेक.

"ही? राणीला ही चिंधी मासळी?" महाराज ओरडले. "निदान पुरुषभर लांबीची मुशी तरी आणायचीस!"

"मुशी नको, महाराज. ती जन्मभर दुसऱ्यांना गिळते. त्यांच्या पोटातली घाण तिच्या अंगात साचत जाते. माझी मांदेली कालची पोर, तिला घाण साठवायला सवड कुठली?"

"आणि शिळी असली म्हणजे?"

"कल्ले उघडून बघा, लालभडक आहेत. त्या शिकारीच्या वेळी कोळंबीचा वास तरी घेतला होता का?"

दरबाऱ्यांनी उपरणी तोंडात कोंबली.

"ते राहू दे! हाच मासा कुणा पोटुशीनं खाल्लाय?"

"हाच."

"खोटं! खाल्लेला मासा पाटीत कसा?"

"महाराज, रोज सकाळी तुमचा भालदार काय पुकारतो?"

"शिंपलगडाचा राजा सात पिढ्या अढळ!"

"म्हणजे एकच राजा सात पिढ्या जगला?"

"वेडी की काय! पणजोबा गेले, आजोबा आले. आजोबा गेले, आबासाहेब आले. रक्त तेच, घराणं तेच, म्हणून राजा तोच!"

"मग माझ्या मांदेलीचंही तसंच. आजी गेली, नात आली. खाडी तीच, पाणी तेच, घराणं तेच. तुमचा राजा तोच, तर माझा मासाही तोच! नाहीतर भालदाराला उद्यापासून गप्प बसवा."

महाराजांनी डोकं खाजवलं. "बरं, मानलं. पण तो खाल्ला कुणी?"

"ते मी नाही सांगायची. सासूनं शपथ घातलीय. पण ते धडधाकट मूल इथंच आहे."

"कुठं?"

"गादीवर बसलंय!"

सगळ्या माना गादीकडे वळल्या! आणि मग पडद्याआडून खुदकन हसू आलं. आऊसाहेब!

"खाल्ली रे बाबा, खाल्ली!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तुझ्या आबासाहेबांचाही असाच हट्ट. मग हिची सासू फुलांच्या परडीखाली लपवून मांदेली आणायची. तुझे आबा म्हणायचे, आज खारा वारा फार सुटलाय!"

चांगुणा दरबाराकडे वळली. "सांगा मंडळी! हे मूल धडधाकट आहे ना? कुणाला काही खोट दिसते?"

सगळ्यांनी जोरजोरात माना हलवल्या. छे, छे! खोट कसली?

महाराज मात्र अजून हार मानायला तयार नव्हते. "एक खोट आहे! हे मूल फार हट्टी निघालं. त्याचं काय?"

"तो मासळीचा दोष नाही, महाराज. तो घराण्याचा!"

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी घरंगळून मांदेलीच्या पाटीत पडली! ती तशीच राहू देत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून चांगुणेला दिलं. आठवड्यातून दोनदा तिची ताजी पाटी गडाच्या मोठ्या दरवाजानं वाजतगाजत यावी, असा हुकूम सुटला.

आतून राणीसाहेबांचा आवाज आला, "हसून झालं असेल, तर कुणी तवा ठेवता का?"