अंगठ्याचा खळगा

फार जुनी गोष्ट आहे बरं का. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्यात सुभानजी नावाचा म्हातारा चाबुकस्वार राहायचा. चाबुकस्वार म्हणजे घोडे शिकवणारा. त्याच्याकडे एक कार्बाइन होती. घोड्यावर बसून झाडायची आखूड बंदूक, थेट अमेरिकेत घडवलेली! तिथला एक भटका घोडेस्वार समुद्र ओलांडून इकडे आला, सुभानजीचा जिवाभावाचा दोस्त झाला आणि त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून गेला. जाताना बंदूक देऊन गेला. अशा बंदुका खुद्द अमेरिकेतही आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या.

सुभानजी थकला. मागे-पुढे कुणी नाही. आपल्यामागे दोस्ताच्या बंदुकीचं काय होणार, याची त्याला काळजी लागली. शेवटी त्यानं जुनी शस्त्रं जमवणाऱ्या सगळ्या शौकिनांना निरोप धाडला, "बघून जा. जो जपेल त्याची."

शौकीन आले. कुणी नळी मोजली, कुणी चाप ओढून पाहिला. एक जण तर नाक मुरडून म्हणाला, "काळी पडलीय हो अगदी!" सुभानजी कुणालाच हो म्हणाला नाही.

मग खुद्द राजा आला. त्याची नजर लाकडी दस्त्यावरच्या एका खळग्यावर गेली.

"हे काय, सुभानजीबाबा?"

"माझ्या दोस्ताचा अंगठा तिथं टेकायचा, महाराज. सारा जन्म घोड्यावर गेला त्याचा. लाकूड झिजलं."

राजानं आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. अगदी अलगद बसला! राजाच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही, ज्याचा मुलूख कधी पाहिला नाही, त्याचा हात जणू हातात आला होता. बराच वेळ त्यानं अंगठा तिथून हलवलाच नाही.

सुभानजीनं ते पाहिलं आणि बंदूक त्याच्या हवाली केली. "जपाल ना, महाराज?"

"जिवापाड!" राजा म्हणाला. आणि खोटं नव्हता बोलत बिचारा.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी शस्त्रं घासूनपुसून पूजेला मांडायची रीत. राजानं बंदूक घासायला काढली, तशी राणी म्हणाली, "अहो, ही राहू द्या की आहे तशी."

"वा गं वा! माझं सगळ्यात लाडकं शस्त्र, आणि तेच काळवंडलेलं मांडू? लोक तोंडात शेण घालतील!"

झालं! लोखंडाला चिंच चोळली, विटेची पूड घासली. लाकडावर रंधा फिरला, वर तेल बसलं. बंदूक अशी लखलखली, की राजाला तिच्यात स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या. स्वारी खूश!

पूजेला सुभानजीला मानानं बोलावलं. म्हाताऱ्याची नजर अधू झालेली. त्यानं झेंडूची फुलं बाजूला सारली, बंदूक मांडीवर घेतली आणि तो लाकडावरून अंगठा फिरवू लागला. वर, खाली, पुन्हा वर.

"महाराज," तो हळूच म्हणाला, "माझा दोस्त कुठं गेला?"

राजा घाईघाईनं म्हणाला, "बाबा, आत्ता सुतार बोलावतो! होता तसा खळगा कोरून घेऊ."

"खळगा कोराल हो. तो अंगठा कुठून आणाल?"

एवढं बोलून म्हातारा लहान मुलासारखा रडला. राजानं बंदूक परत देऊ केली, तर त्यानं मान हलवली. "आता ती नेऊन काय करू?" म्हणाला, आणि निघून गेला.

पुढे त्या बंदुकीची कीर्ती ऐकून लांबलांबचे शौकीन यायचे. ती समोरच टांगलेली असायची, तरी तिच्यावरून नजर फिरवून विचारायचे, "महाराज, ती जुनी बंदूक कुठंय?" राजा तिच्याकडे बोट दाखवायचा. पाहुण्याच्या तोंडाकडे बघायची मात्र त्याला हिंमत होत नसे.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्यापुढे आपण थक्क होऊन उभे राहिलो, त्याला सुधारायला जाऊ नये, नुसतं जपावं.