गुराख्याचा एक सूर

तुमच्या पणजोबांनाही कुणीतरी मांडीवर बसवून सांगितली असेल, इतकी ही जुनी गोष्ट.

एका राज्यात डोंगरमाथ्यावर देवीचं देऊळ होतं. दर वर्षी उत्सवाच्या सकाळी पायथ्याच्या गावातले चाळीस जण तिथे एकत्र स्तवन गात. हा मान त्या गावाचाच होता आणि गाव त्याला जिवापाड जपत असे.

या चाळिसांकडून गाऊन घेणारी एक म्हातारी होती. सगळे तिला गुरुबाई म्हणत. ती स्वतः एक अक्षर गात नसे. समोर उभी राही आणि नुसते हात हलवी. तिने तळहात खाली नेला की चाळीस आवाज मऊ होत. तिचं बोट वर गेलं की मागच्या रांगेतल्या लाजऱ्या कुंभारणीलाही आपली पाळी आल्याचं कळे. नवखे लोक विचारत, ही बाई करते तरी काय? खरं सांगायचं तर ती ऐकत असे. ऐकणं हेही काम आहे, हे पुष्कळांच्या गावीच नसतं, त्याला ती तरी काय करणार?

एका वर्षी राजाचा निरोप आला. यंदा महाराज स्वतः ऐकायला येणार, आणि स्तवन बिघडलं तर पुढच्या वर्षापासून हा मान राजधानीतल्या दरबारी गायकांना मिळणार. 

नेमका त्याच वर्षी एक गाणारा गाव सोडून गेला. त्याच्या जागी कुणाला घ्यावं, म्हणून गुरुबाई गावभर हिंडली. तिची रीतच अशी, की माणसाचा आवाज तो कामात असताना ऐकायचा. लोहाराला तिने भात्यापाशी ऐकलं, सुईणीला पाळण्यापाशी. आणि एवढं करून निवडलं कुणाला, तर म्हशी राखणाऱ्या गुराख्याला.

गाव आधी हसलं, मग चिडलं. कारण गुराख्याला एकच सूर येत होता. त्या सुरात त्याने ‘होऽऽ’ अशी लांब हाक दिली की दरीपलीकडच्या अकरा म्हशी मुकाट त्याच्याकडे चालत येत.

“बाई, मला एकच सूर येतो,” गुराखी म्हणाला. “अन् त्योबी म्हशींसाठी हाय.”

“तोच हवाय मला,” गुरुबाई म्हणाली. “पंधरा दिवस ऐकतेय. थंडीत, उन्हात, उपाशीपोटीसुद्धा तुझा सूर केसभर हललेला नाही.”

सराव सुरू झाला. गुराखी गाऊ लागला की म्हशी अंगणात हजर. थोरामोठ्यांनी गुरुबाईला परोपरीने विनवलं, की याला काढा, नाहीतर मान जाईल. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला काही काढलं नाही. फक्त उत्सवाच्या दिवशी म्हशी दाव्याला घट्ट बांध, एवढं तिने त्याला बजावलं.

उत्सवाची सकाळ उजाडली ती दाट धुक्यात. राजा बसला, स्तवन सुरू झालं. पण त्या ओल्या हवेने तंबोऱ्याच्या तारा उतरल्या आणि दुसऱ्या कडव्यालाच गाणारे भरकटले. बाकीचे खाली घसरले, कुंभारीण एकटीच वर राहिली. राजाच्या कपाळावर आठी पडली. आता मान जातो, हे चाळिसांनाही कळलं.

गुरुबाईने तळहात अगदी खाली नेला. आवाज कुजबुजीएवढे झाले. मग तिने गुराख्याकडे बोट केलं.

“होऽऽ”

तो सूर सरळ आणि निवांत होता. संध्याकाळी पाखरं झाडावर उतरावीत तसा एकेक आवाज त्यावर येऊन टेकला. गुरुबाईने हळूहळू दोन्ही हात पसरले आणि स्तवन असं उचललं गेलं, की म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

इतक्यात पायऱ्यांवरून घंटांचा आवाज आला. अकराच्या अकरा म्हशी वर चढत होत्या, तुटलेली दावी ओढत! शिपाई धावले, पण राजाने हातानेच त्यांना थांबवलं. म्हशी गुराख्याच्या मागे येऊन शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. गुरुबाईने मान वळवूनही पाहिलं नाही. तिने शेवटची ओळ हसऱ्या चेहऱ्याने पुरी करून घेतली आणि ती संपता संपता थोरली म्हैस गुराख्याच्याच सुरात हंबरली.

राजा पोट धरधरून हसला. मग डोळे पुसत त्याने विचारलं, “बाई, या म्हशीही तुम्हीच तयार केल्यात?”

“नाही महाराज,” गुरुबाई म्हणाली. “त्या तर कधीपासूनच त्याचं ऐकतायत. मीच उशिरा ऐकलं.”

मान गावाकडेच राहिला. त्या वर्षापासून उत्सवाचा प्रसाद चाळीस गाणाऱ्यांना मिळू लागला आणि पेंडीची पाटी अकरा म्हशींना.

तात्पर्य : ज्याला सगळ्यांकडून गाऊन घ्यायचं आहे, त्याने आधी एकेकाचं मन लावून ऐकावं.